पागोट्याचा हुकूम
(नभोवाणीवरील भाषण)

लष्करी गणवेष ही वरवर पाहतां अगदीं साधी गोष्ट वाटते. शेंकडों माणसें एका रंगाचा डगला घालून, एका घाटाचें शिरोभूषण चढवून एका पावलानें चालूं लागलीं, म्हणजे जमावाचें सैन्य बनतें. एखाद्याची गुंडी तुटलेली असली किंवा पट्टा सैल असला, तर हवालदारानें त्यास हटकावें व शिपायानें निमूटपणें चूक सुधारावी, हा या बाबतींतला रोजचा व्यवहार. यांत बहुधा कोणाचा अपमान होत नाहीं. परंतु वरिष्ठ ज्याला गबाळेपणा म्हणतो तीच गोष्ट कनिष्ठाच्या मनांत त्याच्या कुळाची किंवा धर्माची खूण असली, तर काय व्हावें? अशा वेळीं शिपायानें आपलें म्हणणें कोणापुढें मांडावें, आणि मांडलें तर तें कसें ऐकलें जावें? इ. स. १८०६ सालीं मद्रास इलाख्यांतील वेल्लोरच्या किल्ल्यांत हा प्रश्न उभा राहिला. त्याचें जें उत्तर त्या वेळच्या अधिकाऱ्यांनीं दिलें, त्याची किंमत दोन्ही पक्षांना रक्तानें मोजावी लागली.

वेल्लोर हें नांव मराठी श्रोत्यांना अगदींच परकें नाहीं. आपल्या बखरींतून येणारा ‘येलूरचा कोट’ तो हाच. शिवाजी महाराजांनीं कर्नाटकाच्या स्वारींत १६७७ सालीं त्याला वेढा घातला. किल्लेदार अब्दुल्लाखान हट्टी निघाला, म्हणून वेढ्याचें काम नरहरी रुद्र याजकडे सोंपवून महाराज पुढें गेले. जवळच्या टेंकड्यांवर साजरा व गोजरा असे दोन किल्ले उभारून तेथून कोटावर मारा करण्यांत आला. वर्षाहून अधिक काळ झुंजून अखेर १६७८ सालीं किल्ला मराठ्यांच्या हातीं आला आणि पुढें सुमारें तीस वर्षें राहिला. भोंवतीं रुंद पाण्याचा खंदक, दुहेरी तट आणि आंत प्रशस्त मैदान, अशी त्याची रचना आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस तो इंग्रजांच्या ताब्यांत होता. श्रीरंगपट्टण १७९९ सालीं पडल्यावर टिपू सुलतानाचे मुलगे व त्यांचा मोठा परिवार इंग्रजांनीं याच किल्ल्यांतील वाड्यांत नजरकैदेंत ठेविला होता.

आतां त्या वेळच्या शिपायाकडे वळूं. कंपनीच्या मद्रासी फौजेंतील हिंदी शिपाई हा कांहीं नवशिका नव्हता, आणि विलायती पोषाखाचें त्याला वावडें होतें असेंही नाहीं. तांबडा डगला त्यानें कित्येक वर्षांपूर्वींच अंगावर चढविला होता. विलायती कवाईत त्याच्या अंगवळणीं पडली होती. २३ सप्टेंबर १८०३ रोजीं असईच्या रणांगणावर शिंदे-भोसल्यांच्या फौजेशीं आर्थर वेलस्ली लढला, तेव्हां त्याच्याजवळील हिंदी पायदळ मद्रासेचेंच होतें. मराठ्यांच्या तोफखान्यापुढें तें ज्या रीतीनें चालून गेलें, ती हकीकत आपल्याला कितीही कडू वाटली तरी त्या शिपायांच्या शिस्तीविषयीं शंका घेण्यास जागा ठेवीत नाहीं. तेव्हां तीनच वर्षांनीं हेच शिपाई हुकूम मोडावयास उठले, याचें कारण बेशिस्त हें खास नव्हे. ज्यानें डगला घातला त्यानें पागोटें कां नाकारलें, हेंच येथें पाहण्यासारखें आहे.

मद्रासच्या फौजेचा सरसेनापति सर जॉन क्रॅडॉक हा त्या सुमारास नवीन आलेला होता. निरनिराळ्या वेळीं निघालेले हुकूम विखुरलेले पाहून, सर्व नियमांची एक संहिता करावी असें त्याच्या मनानें घेतलें. कल्पना वाईट नव्हती. मेजर पिअर्स नांवाच्या अधिकाऱ्यानें ती संहिता रचली आणि मार्च १८०६ मध्यें ती मंजूर झाली. या संहितेंतील बहुतेक भाग जुन्या हुकुमांचाच होता. परंतु त्याच भाऱ्यांत एक नवें कलम मिसळलेलें होतें. गणवेषांत असतांना शिपायानें कपाळावर जातिदर्शक गंध लावूं नये, कानांत भूषणें घालूं नयेत, हनुवटी स्वच्छ तासावी, आणि ओठांवरील मिशांचा आकार व भरघोसपणा शक्य तितका सर्वांचा सारखा असावा, असा त्याचा आशय होता. गव्हर्नर लॉर्ड विल्यम बेंटिंक याच्या नजरेखालून ही संहिता गेली. पण त्या जाड बाडांतील हें एक कलम त्याच्या ध्यानांत भरलें नाहीं. जुन्यांत नवें मिसळून मंजूर करून घेतलें कीं त्यावर विचार होत नाहीं, हा कचेरींतील अनुभव त्या काळींही खरा होता. याच्या कांहीं महिने आधीं, म्हणजे नोव्हेंबर १८०५ मध्यें, सर्व पलटणींसाठीं एका नव्या नमुन्याचें पागोटेंही ठरविण्यांत आलें होतें.

हीं सर्व कलमें वाचून क्रॅडॉकला काय वाटलें असेल हें समजूं शकतें. कवाईतीच्या रांगेंत एकाच्या कपाळीं उभें गंध, दुसऱ्याच्या आडवें, तिसऱ्याची दाढी छातीवर रुळणारी. विलायती डोळ्याला हें विस्कळित दिसावयाचेंच. परंतु शिपायाच्या लेखीं यांतील प्रत्येक वस्तूला निराळा अर्थ होता. गंध हें त्याच्या संप्रदायाचें चिन्ह होतें. कानांतील बाळी कित्येकांच्या कानांत लहानपणीं नवसानें घातलेली असे. मुसलमान शिपायाची दाढी ही त्याच्या धर्माचरणाचा भाग होती. आणि पागोट्याची गोष्ट तर याहूनही नाजूक होती. आपल्या भाषेंतच पाहा: पागोटें पायाशीं ठेवणें म्हणजे शरण जाणें, पगडी उतरणें म्हणजे अब्रू जाणें. इतकेंच नव्हे, तर युरोपियन लोकांना आपल्या पूर्वजांनीं जें नांव दिलें तेंही डोक्यावरूनच. बखरकार त्यांना ‘टोपीकर’ म्हणतात. नवें पागोटें शिपायांना पागोटें वाटेना, टोपी वाटूं लागली. त्यावर चामड्याचा तुरा होता; तें चामडें कोणत्या जनावराचें, याविषयीं कुजबुज सुरू झाली. टोपी घातली म्हणजे टोपीकर झाला, आणि टोपीकर झाला म्हणजे किरिस्तांव झाला, अशी ही विचारांची सांखळी होती. वाड्यांतील टिपूच्या मुलांचे नोकरचाकर येतांजातां शिपायांना हेंच म्हणून डिंवचीत असत.

१८०६ च्या मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यांत वेल्लोर येथील चौथ्या रेजिमेंटच्या दुसऱ्या पलटणींत या असंतोषाला तोंड फुटलें. तेथील ग्रेनेडियर तुकडीच्या शिपायांनीं नवें पागोटें घालण्यास नकार दिला. ही गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे कीं, या वेळीं कोणीही शस्त्र उगारलें नव्हतें. ‘हें आम्ही घालणार नाहीं’ एवढेंच त्यांचें म्हणणें होतें. शहाण्या वरिष्ठाला येथें थांबून ‘कां?’ एवढा एक शब्द विचारतां आला असता. पण वर गेलेला वृत्तांत अवज्ञेचा होता, आणि खालीं आलेलें उत्तर शिक्षेचें होतें. एकवीस शिपायांना पकडून घोडेस्वारांच्या पहाऱ्यांत मद्रासेस नेलें व त्यांजवर लष्करी न्यायसभेंत खटला चालविला. त्यांत हिंदू होते तसेच मुसलमानही होते. दोघांना फटक्यांची जबर शिक्षा देऊन नोकरींतून काढलें. उरलेल्या एकोणीस जणांनाही फटके फर्माविले होते. परंतु त्यांनीं पश्चात्ताप दर्शविल्यावर त्यांना माफी मिळाली. क्रॅडॉकच्या समजुतीप्रमाणें प्रकरण येथें मिटलें. वस्तुतः तें येथून जमिनीखालीं गेलें.

हिंदी शिपाई धर्मभोळा, म्हणून एवढ्याशा गोष्टीचा बाऊ झाला, असें त्या काळचे कांहीं इंग्रज लेखक लिहितात. त्यांना उत्तर म्हणून त्याच सुमाराचें दुसऱ्या एका खंडांतील उदाहरण सांगण्याजोगें आहे. अमेरिकेच्या सैन्याचा प्रमुख जनरल विल्किन्सन यानें १८०१ सालीं हुकूम काढला कीं, सर्वांनीं मागें सोडलेली केसांची वेणी कापून टाकावी. अशी वेणी ठेवणें ही जुन्या लष्करी लोकांची रीत होती. स्वातंत्र्ययुद्धांत लढलेला कर्नल टॉमस बटलर यानें हा हुकूम मानला नाहीं. त्याच्यावर १८०३ सालीं खटला होऊन त्याला ठपका मिळाला. तरी वेणी कायम. १८०५ सालीं पुन्हां खटला झाला, आणि निकाल अंमलांत येण्यापूर्वींच त्या वर्षीं तो वारला. शवपेटीला भोंक पाडून वेणी बाहेर काढा, म्हणजे मेल्यावरही मीं हुकूम पाळला नाहीं हें जनरलला दिसेल, असें तो सांगून गेला अशी आख्यायिका आहे. बटलर ना हिंदू, ना मुसलमान. स्वतःचें डोकें हें स्वतःचें, एवढीच त्याची भावना होती. परंतु त्याच्यांत आणि वेल्लोरच्या शिपायांत एक मोठा भेद होता. बटलर हा कर्नल होता. त्याला लिहितां येत होतें, आपली बाजू छापून आणतां येत होती, आणि पुढें राष्ट्राध्यक्ष झालेल्या अँड्र्यू जॅक्सनसारखीं माणसें त्याच्यासाठीं राष्ट्राध्यक्ष जेफर्सनकडे रदबदली करीत होतीं. त्यामुळें त्याचा हट्ट कागदावर लढला गेला. वेल्लोरच्या शिपायाला असा कागद नव्हता. वरिष्ठाकडून अन्याय झाला असें वाटणाऱ्या शिपायासाठीं ब्रिटिश लष्करी कायद्यांत दाद मागण्याची एक वाट होती खरी. पण तक्रार निराधार ठरली तर शिक्षा तक्रारदारालाच होत असे. शिवाय ज्या गोऱ्या अधिकाऱ्याकडे जावयाचें, त्यांतील पुष्कळांना शिपायाची भाषाही धड येत नव्हती.

तरीही एक शिपाई गेला. त्याचें नांव मुस्तफा बेग. तो पहिल्या रेजिमेंटमधील होता. जून महिन्यांत त्यानें आपला वरिष्ठ कर्नल फोर्ब्स यास जाऊन सांगितलें कीं, पलटणींत कट शिजत आहे, शपथा घेतल्या जात आहेत, आणि युरोपियन लोकांची कत्तल करण्याचा बेत आहे. फोर्ब्सनें काय करावें? त्यानें ही खबर चौकशीसाठीं पलटणींतील हिंदी अधिकाऱ्यांच्याच मंडळाकडे सोंपविली. त्यांतील कांहीं जण स्वतःच कटांत होते. अर्थात्‌ मंडळाचा निर्णय ठरलेलाच होता: हा मनुष्य खोटारडा आहे, वेडा आहे, आणि आपल्या पलटणीला काळिमा लावीत आहे. मुस्तफा बेगला बेड्या घालून कोंडण्यांत आलें. पुढें सर्व खरें ठरल्यावर सरकारनें त्याला दोन हजार होन बक्षीस व सुभेदाराइतकें निवृत्तिवेतन दिलें. परंतु जून महिन्यांत त्याच्या पायांत पडलेली बेडी इतर शिपायांनीं पाहिली होतीच. नकार द्यावा तर फटके, आणि खरें सांगावें तर बेडी. सरळ बोलण्याच्या दोन्ही वाटा अशा रीतीनें बंद झाल्या.

क्रॅडॉक अगदींच आंधळा होता असें मात्र म्हणतां येत नाहीं. जूनच्या अखेरीस त्याच्या मनांत शंका उभी राहिली, आणि पागोट्याचा आग्रह पुढें चालवावा कीं नाहीं असें त्यानें सरकारला विचारलें. गव्हर्नर व त्याचें मंडळ यांनीं विचार केला, आणि आतां माघार घेतल्यास शिस्तीचा धाक उरणार नाहीं असें ठरविलें. सरकारचा शिपायांच्या धर्मांत ढवळाढवळ करण्याचा हेतु नाहीं, असा जाहीरनामा काढण्याचेंही योजिलें होतें. पण सर्वत्र शांतता दिसते, मग तो कशाला, म्हणून तो निघाला नाहीं. शिपाई गप्प बसले होते. त्यांच्या गप्प बसण्याचा अर्थ मद्रासेंत समाधान असा लावला गेला.

१० जुलै १८०६ च्या पहांटे, उजाडण्यापूर्वीं, वेल्लोरच्या किल्ल्यांतील हिंदी शिपाई ६९ व्या गोऱ्या पलटणीच्या बराकींवर तुटून पडले. झोंपेंत असलेल्या सोजिरांवर दारांखिडक्यांतून गोळ्यांचा वर्षाव झाला. किल्ल्याचा मुख्य अधिकारी कर्नल फॅन्कोर्ट पडला. एकंदर चौदा इंग्रज अधिकारी व शंभराहून अधिक सोजीर मारले गेले. टिपूच्या राज्याचें निशाण किल्ल्यावर चढविण्यांत आलें. किल्ल्याबाहेर असलेल्या एका अधिकाऱ्यानें पंधरा-सोळा मैलांवरील अर्काट येथें निरोप धाडला, आणि कर्नल गिलेस्पी घोडेस्वार घेऊन भर वेगानें आला. दरवाजा तोफेनें उडवून त्याचे स्वार आंत शिरले, आणि मग सूड सुरू झाला. सांपडलेल्या शिपायांना भिंतीशीं उभें करून गोळ्या घालण्यांत आल्या. त्या एका दिवशीं साडेतीनशेंहून अधिक शिपाई मारले गेले. पुढें कांहींना फांशी देण्यांत आलें व कांहींना तोफेच्या तोंडीं देण्यांत आलें. दुपार होण्यापूर्वीं किल्ला इंग्रजांच्या हातीं परत आला होता.

आतां याच महिन्यांतील हैद्राबादची गोष्ट ऐका. तेथेंही मद्रासचीच फौज होती, तेंच पागोटें आणि तेंच कलम होतें, आणि शिपायांत तीच धुसफूस चालू होती. तेथील सेनाधिकारी लेफ्टनंट कर्नल माँट्रेसर यानें लोकांच्या चेहऱ्यांवरचा बदल ओळखला. तेथील रेसिडेंट कॅप्टन सिडनहॅम याच्याशीं त्यानें मसलत केली, आणि मद्रासच्या परवानगीची वाट न पाहतां स्वतःच्या जबाबदारीवर तो हुकूम मागें घेतला. असें करणें हीही एका अर्थीं अवज्ञाच होती. सरसेनापतीचा लेखी हुकूम कनिष्ठ अधिकाऱ्यानें रद्द करावा हें शिस्तींत बसत नाहीं. मागाहून संशय आलेल्या कांहीं सुभेदारांना त्यानें पकडलेंही. म्हणजे तो मऊ मनाचा होता असें नव्हे. पण हैद्राबादेस एकही बार झाला नाहीं. एकच हुकूम, एकाच फौजेंत, एकाच महिन्यांत दोन ठिकाणीं पोंचला. एका ठिकाणीं तो राबविला गेला, दुसऱ्या ठिकाणीं त्याचा परिणाम पाहून थांबविला गेला. इतिहासांत अशी तुलना करण्याची संधि क्वचितच मिळते.

पुढें वेल्लोरची चौकशी झाली. चौकशीमंडळानें दोन कारणें सांगितलीं: पोषाखाचे नवे नियम, आणि टिपूच्या कुटुंबाचें किल्ल्यांतील वास्तव्य. यांपैकीं कोणत्याला किती महत्त्व द्यावें, यावर तेव्हांपासून वाद चालू आहे. वाड्यांतून चिथावणी मिळाली नसती तर उठावाला निशाण मिळालें नसतें, हें खरें. परंतु टिपूचे मुलगे वेल्लोरास सहा-सात वर्षें होते. त्या काळांत शिपायांनीं त्यांच्यासाठीं बोटही उचललें नव्हतें. चिथावणीला ओलें लांकूड पेटत नाहीं. पागोट्याच्या हुकुमानें तें वाळविलें होतें. त्या वेळीं सीडेड जिल्ह्यांत असलेला टॉमस मन्रो यानेंही बेंटिंकला कळविलें कीं, आपल्याला किरिस्तांव करण्याचा हा डाव आहे, अशीच या भागांतील जाणत्या लोकांचीही समजूत झाली आहे. हुकूम ताबडतोब मागें घेण्यांत आले. टिपूच्या कुटुंबाला कलकत्त्यास हलविलें. बंडांत सामील असलेल्या पहिल्या व तेविसाव्या रेजिमेंटांचें नांव फौजेच्या यादींतून काढून टाकलें. आणि १८०७ सालीं विलायतेंतील संचालकमंडळानें सरसेनापति क्रॅडॉक व गव्हर्नर बेंटिंक या दोघांनाही परत बोलाविलें.

हा बेंटिंक आपल्या इतिहासांत दुसऱ्या एका गोष्टीसाठीं प्रसिद्ध आहे. १८२८ सालीं तो गव्हर्नर जनरल होऊन पुन्हां हिंदुस्थानांत आला, आणि १८२९ च्या डिसेंबरांत त्यानें सतीची चाल कायद्यानें बंद केली. गंधापागोट्यापेक्षां हा विषय किती तरी अधिक नाजूक. परंतु या वेळीं कायदा काढण्यापूर्वीं त्यानें एक गोष्ट केली. शिपायांवर या कायद्याचा काय परिणाम होईल, हें त्यानें फौजेंतील अनुभवी अशा एकूणपन्नास अधिकाऱ्यांना गुप्तपणें लिहून विचारलें, आणि त्यांचीं उत्तरें आल्यावरच पाऊल टाकलें. कायदा झाला; फौजेंत कांहीं गडबड झाली नाहीं. दोन्ही प्रसंगांत हुकूम काढणारा मनुष्य एकच. पहिल्या वेळीं त्यानें न वाचतां संमति दिली. दुसऱ्या वेळीं विचारून निश्चय केला. वेल्लोरच्या मृतांनीं एका राज्यकर्त्याला एवढें तरी शिकविलें, असें म्हणण्यास हरकत नाहीं.

या सर्व हकीकतीवरून शिस्त सैल असावी असा अर्थ कोणी काढूं नये. रणांगणावर ‘कां?’ म्हणून विचारणारा शिपाई कोणत्याच सेनेला चालणार नाहीं. परंतु रणांगण आणि कवाईतीचें मैदान यांत भेद आहे. मैदानावर वेळ असतो. तेथें ऐकून घेतल्यानें लढाई हरत नाहीं. सुसंघटित सैन्यांत ही जाणीव कायद्यांत उतरलेली दिसते. भारताच्या १९५० च्या सेना अधिनियमांतील २६ वें कलम असें आहे कीं, वरिष्ठाकडून अन्याय झाला असें ज्या शिपायास वाटेल, त्यानें आपल्या तुकडीच्या अधिकाऱ्याकडे तक्रार करावी. आणि तक्रार त्या अधिकाऱ्याविरुद्धच असेल तर त्याच्याही वरिष्ठाकडे जावें. आणि ज्या दाढीपागोट्यावरून वेल्लोरास रक्त सांडलें, तेंच पागोटें व तीच दाढी ठेवून शीख शिपाई भारतीय सेनेंत उभा असतो. त्यामुळें रांग वांकडी झाल्याचें कोणीं म्हटलेलें नाहीं.

वेल्लोरच्या प्रकरणांत कनिष्ठांनीं आपलें म्हणणें तीन वेळां वरिष्ठांच्या कानांवर घातलें होतें. मे महिन्यांत शिपायांनीं उघड नकार दिला, जूनमध्यें मुस्तफा बेगनें जीव धोक्यांत घालून खबर दिली, आणि जूनअखेरीस खुद्द सेनापतीलाच शंका आली. तिन्ही वेळां उत्तर मिळालें तें शिस्तीच्या नांवानें. चवथी वेळ १० जुलैची होती. त्या पहांटे ज्या सोजिरांना झोंपेंत मरण आलें आणि ज्या शिपायांना भिंतीशीं उभें करण्यांत आलें, त्यांपैकीं कोणींही ती संहिता लिहिली नव्हती.